तळावरची सहा अक्षरं शेवटी वाचा: चिनी शाही पोर्सेलीन, लिलाव आणि घरातली फुलदाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या घरात पणजोबांच्या वेळेपासून एक फुलदाणी आहे. तळाशी निळ्या शाईसारख्या रंगात सहा चिनी अक्षरं आहेत. तशीच अक्षरं असलेल्या फुलदाण्या हाँगकाँगच्या लिलावात कोट्यवधींना गेल्याचं दिसतं. मग ही फुलदाणी शाही आहे का, तिकडे पाठवून विकता येईल का, आणि उलट परदेशी लिलावातून अशी वस्तू घ्यायची असेल तर काय बघावं?

पाठवण्याचं आधी निकालात काढू, कारण त्यात लोक फसतात. भारताच्या 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू म्हणजे पुरावशेष. तो देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला आणि सरकारने नेमलेल्या संस्थेलाच आहे. वस्तू घडली कुठे, हे कायदा विचारत नाही. शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड. म्हणजे फुलदाणी खरोखर अठराव्या शतकातली असेल तर ती हाँगकाँगला जाऊ शकत नाही, आणि जाऊ शकत असेल, तर तिला तिथे कुणी विचारणार नाही. शंभर वर्षांच्या आतली आहे असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून प्रमाणपत्र मिळालं तरच ती कुरिअरमध्ये घालावी. हाच नियम उलट्या बाजूनेही लागतो: लंडनहून दोनशे वर्षांचं भांडं विकत घेऊन दादरच्या घरात आणलंत की ते पुन्हा विकायला बाहेर काढता येईल असं धरून चालू नका. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने घेतलेली वस्तू तिकडेच ठेवणं शहाणपणाचं, एवढंच सांगतो.

आता शाही म्हणजे काय. जियांगशी प्रांतातलं जिंगदेझेन हे पोर्सेलीनचं गाव. मिंग आणि त्यानंतरच्या छिंग राजवटींत तिथे दरबारासाठी वेगळ्या भट्ट्या चालत, आणि त्याच गावात शेकडो खासगी भट्ट्या बाजारासाठी, परदेशासाठी माल काढत. शाही म्हणजे फक्त पहिल्या भट्ट्यांचा माल. तिथली छाननी इतकी कडक होती की मिंग काळात नापास झालेली भांडी फोडून पुरली जात. जिंगदेझेनमधल्या झुशानच्या उत्खननात त्या तुकड्यांचे थरच्या थर निघाले, आणि आज श्वानदे किंवा छेंगह्वा या मिंग सम्राटांच्या काळातलं भांडं तपासताना आपण खरं तर त्या तुकड्यांशीच ताडून बघतो. छिंग दरबारात तर कुणाच्या ताटाचा रंग कोणता हेही ठरलेलं होतं. आतून-बाहेरून पिवळं सम्राज्ञीचं, बाहेरून पिवळं आणि आतून पांढरं तिच्या खालच्या पहिल्या राणीचं, पिवळ्यावर हिरवा ड्रॅगन त्याखालच्या राण्यांचा, निळ्यावर पिवळा ड्रॅगन आणखी खालच्या पायरीचा. त्यामुळे कॅटलॉगमध्ये पिवळ्या रंगाचा साधा वाडगा लाखाच्या भावाने दिसला की त्यात चित्र नाही म्हणून हसू नये.

मुंबई-गोव्याकडच्या जुन्या घरांत जे सापडतं ते जवळजवळ सगळं निर्यातीचं. पारशी व्यापाऱ्यांनी चीनच्या कँटन बंदरातून आणलेली फुला-पाखरांची, माणसांच्या चित्रांची गुलाबी-हिरवी ताटं. पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरलेली, काठावर चौकटी पाडलेली निळी-पांढरी भांडी. चांगली असतात, जुनीही असतात, पण शाही नसतात. त्यांना भाव वेगळा आणि बाजारही वेगळा.

मोहर, म्हणजे तळावरची ती अक्षरं, बघून सुरुवात करायची सवय मात्र सोडा. सहा अक्षरं उजवीकडून डावीकडे, वरून खाली वाचायची: ‘दा छिंग छियानलोंग न्येन झ’, म्हणजे महान छिंग राजवटीत सम्राट छियानलोंगच्या काळात घडवलं. छियानलोंगचा काळ 1736 ते 1795. पण ही अक्षरं पुढच्या दीडदोनशे वर्षांत कुणीही लिहिली. कधी आदर म्हणून, कधी रिवाज म्हणून, कधी सरळ फसवायला. त्याआधीचा छिंग सम्राट कांगशी याच्या काळातल्या (1662–1722) भांड्यांवर दोनशे वर्षं जुन्या छेंगह्वाची मोहर सर्रास दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निर्यातीच्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांवर कांगशीची चार अक्षरं असत. खुद्द कांगशी काळात 1677 मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाच्या काळाचं नाव घालायला मनाई केली होती, भांडं फुटून नाव पायाखाली येऊ नये म्हणून. त्यामुळे त्या काळातल्या कितीतरी अस्सल भांड्यांच्या तळाशी नुसती रिकामी दुहेरी वर्तुळं किंवा एखादं पान असतं. तशीच मिंग राजवटीतल्या योंगल काळातली (1403–1424) बरीचशी शाही भांडी बिनमोहरेची. अमेरिकेत कनेटिकटमध्ये घरासमोरच्या विक्रीत 35 डॉलरला मिळालेला योंगल काळाचा छोटा कमळवाडगा मार्च 2021 मध्ये सदबीज या लिलावसंस्थेच्या न्यूयॉर्क विक्रीत 7,21,800 डॉलरला गेला. त्याच्या तळाशी एक अक्षर नव्हतं.

भांडं हातात आलं की आधी वजन आणि आकार. दोन्ही हातांनी धरा, कानाला किंवा गळ्याला धरून कधीच उचलू नका. शाही भांडं चाकावर ओढून, वाळल्यावर कातून पातळ केलेलं असतं. काठाकडे भिंत पातळ होत जाते आणि वजन खाली बसतं. साच्यात पातळ माती ओतून केलेल्या नकलेत भिंत सगळीकडे सारखी लागते, आत हात घातला तर कातल्याच्या कडा लागत नाहीत. मोठ्या फुलदाण्या दोनतीन भागांत करून जोडलेल्या असतात, आतून बोट फिरवलं की जोडाची आडवी वळी जाणवते. ती नसणं संशयाचं कारण आहे, असणं मात्र पुरावा नाही, कारण जिंगदेझेनजवळच्या फानजियाजिंगसारख्या गावात आजही हाताने, जुन्याच पद्धतीने छिंग शाही मालाच्या नकला होतात, आणि त्यांतले काही कारागीर फार वरच्या दर्जाचे आहेत.

मग पालथं करा आणि तळाची कड बघा. निम्मा निकाल इथे लागतो, म्हणून इथे घाई करू नका. कडेच्या टोकावर झिलई नसते, तिथे भट्टीतली उघडी माती दिसते. योंगझेंग (कांगशीनंतरचा सम्राट) आणि छियानलोंगच्या शाही भांड्यांत ही कड गोलसर, घोटून गुळगुळीत केलेली असते. बोट फिरवलं की कुठेही अडत नाही, माती बारीक आणि दाट. झिलई जिथे संपते ती रेघ स्वच्छ, एका हाताने पुसून काढल्यासारखी. कधी तिथे फिकट नारिंगी धार दिसते. मिंग भांड्यांत ती जास्त, छिंगमध्ये कमी. नकलेत तीन गोष्टी सापडतात. एक, कड सुरीने कापल्यासारखी धारदार. दोन, माती खडूसारखी कोरडी, फार पांढरी. तीन, आणि हे सगळ्यात जास्त: जुनेपणा दाखवायला चहा किंवा पोटॅशियम परमँगनेट लावून आणलेला तपकिरी डाग. हा डाग खड्ड्यांत आणि उंचवट्यांवर सारखाच बसतो. खरा मळ खड्ड्यांत साठतो आणि टेकणाऱ्या जागी झिजून निघून जातो. ओरखड्यांचंही तसंच. दोनशे वर्षांचे ओरखडे सगळ्या दिशांना, कमीजास्त खोल असतात. एकाच दिशेने, एकाच खोलीचे असतील तर पॉलिश पेपर फिरलेला आहे. झिलईची चमक सगळीकडे सारखीच मंद असेल तर आम्लाने मारलेली असू शकते.

निळ्या रंगात एक बारकावा फार कामाचा. श्वानदे काळात (1426–1435) बाहेरून येणारा कोबाल्ट वापरत. त्यात लोह जास्त, मँगनीज कमी, त्यामुळे जिथे रंग दाट बसला तिथे काळपट गंजलेले ठिपके उमटत आणि ते झिलईत बुडून खाली जात. तिरप्या उजेडात त्या जागी पृष्ठभाग किंचित खचलेला दिसतो. अठराव्या शतकात हे रूप इतकं आवडलं की शाही चित्रकारांनी कुंचल्याने मुद्दाम गडद ठिपके दिले. दहापट भिंगातून ते कुंचल्याचे ठिपके म्हणून ओळखू येतात: ओळीने, रेघेच्या आतच, आणि वर झिलई सपाट. म्हणजे ‘श्वानदेसारखं’ भांडं छियानलोंगचं अस्सल शाही असू शकतं, आणि त्याची किंमत छियानलोंग काळाच्या हिशेबाने लावायची.

रंगीत भांड्यांत रसायनशास्त्र मदतीला येतं. झिलईवरचे रंग दुसऱ्या, कमी तापमानाच्या भट्टीत बसवतात. भांडं पहिल्यांदा साधारण 1300 अंश सेल्सिअसला भाजतं, रंग साधारण 700 ते 800 अंशांना. गुलाबी रंग सोन्याच्या सूक्ष्म कणांचा. तो चिनी पोर्सेलीनवर 1720 च्या आसपास रुळला. म्हणून कांगशीची मोहर आणि भरपूर गुलाबी असं काही दिसलं तर थांबा. अपवाद आहेत, पण ते राजवाड्यातले. फालांगसाय नावाची भांडी जिंगदेझेनला पांढरी भाजून पेकिंगच्या महालात रंगवली जात. तशी कांगशीची एक गुलाबी पार्श्वभूमीची वाटी 2018 मध्ये हाँगकाँगला 23.9 कोटी हाँगकाँग डॉलरला गेली. दुसरी खूण क्रोमियमची. हे मूलद्रव्य 1797 मध्ये सापडलं. त्यामुळे योंगझेंग (1723–1735) म्हणून विकायला आलेल्या भांड्याच्या हिरव्यात क्रोमियम निघालं की चर्चा संपते. हे एक्सरे फ्लुओरेसन्सने, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्यं ओळखण्याच्या तपासणीने, भांड्याला धक्का न लावता कळतं.

भांडं शेवटचं कधी भाजलं हे मोजणाऱ्या थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा आग्रह मात्र पोर्सेलीनसाठी धरू नका. तीन मिलिमीटर व्यासाची माती तळातून कोरून काढावी लागते, म्हणजे भांड्याला कायमचं भोक. शिवाय वयाच्या उत्तराला वीस-पंचवीस टक्के इकडचं-तिकडचं असतं, त्यामुळे 1740 आणि 1790 वेगळे करता येत नाहीत. आणि जुन्या फुटक्या भांड्याचा तळ नव्या अंगाला जोडलेला असेल तर नमुना तळातूनच जातो आणि प्रमाणपत्र ‘खरं’ येतं. मोठ्या विक्रीत अशा प्रमाणपत्राला कुणी भाव देत नाही.

एवढं झाल्यावर मोहर वाचा. शाही कारखान्यात मोहर लिहिणारे वेगळे, ठरलेले लेखक असत. म्हणून एका काळातल्या मोहरांचं वळण एकमेकींशी फार जुळतं, आणि आपण अक्षराचा अर्थ बघत नाही, रेघ कुठे सुरू होते, कुठे जाड होते ते बघतो. कांगशीत आणि योंगझेंगमध्ये साधी सुबक लिपी, बहुधा दुहेरी वर्तुळात. छियानलोंगमध्ये बहुतेक वेळा चौकोनी मुद्रालिपी. श्वानदेच्या ‘दे’ अक्षरात खालच्या भागावरची आडवी रेघ नसते, नकला करणारे ती पुष्कळदा घालून बसतात. छियानलोंग आणि त्याच्यानंतरचा सम्राट जियाछिंग यांच्या काळातल्या बऱ्याच रंगीत फुलदाण्या आतून आणि तळाला फिरोजी असतात आणि मोहर लाल रंगात. तिथे फिरोजी थर काचेसारखा चकचकीत नसून किंचित सुरकुतलेला लागतो. पाच नखांचा ड्रॅगन हा सम्राटाचा, हे खरं, पण पाचवं नख काढायला चित्रकाराला परवानगी लागत नाही.

दुरुस्ती शोधणं हे वेगळं काम आहे आणि पैशाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, कारण छिंग शाही मालात केसाएवढ्या तड्याने भाव निम्म्यावर किंवा त्याखाली येतो. अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च फिरवा: रेझिनची भर किंवा वरून मारलेला रंग बहुधा दुधाळ, पिवळट, शेजारच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. हल्लीचं काही साहित्य चमकत नाही, तिथे नखाचा उपयोग होतो: झिलईवर नख घसरतं, रेझिनवर किंचित अडतं. वाडगा तळहातावर ठेवून बोटाने टिचकी मारा, तडा असेल तर आवाज बसका येतो. काठ बारकाईने बघा. टवके उडालेला काठ घासून खाली आणला असेल तर उंची कमी भरते आणि काठावरची झिलई गेलेली असते. फुलदाणीचा दिवा केलेला असेल तर तळाला भोक असतं, पुष्कळदा नेमकं मोहरेतून. आणखी एक डाव: अस्सल मोहरेचा साधा पांढरा शाही वाडगा घेऊन त्यावर नंतर महागडं चित्र चढवायचं. अंग खरं, मोहर खरी, चित्र खोटं. भिंगातून जुने ओरखडे रंगाच्या खालून गेलेले दिसले, किंवा दुसऱ्या भाजणीने झिलईत काळे बारीक ठिपके आले असतील, तर हेच झालेलं आहे.

लिलावाच्या कॅटलॉगची भाषा वकिलाची असते, तशीच वाचा. ‘छियानलोंगची मोहर आणि त्याच काळातलं’ असं लिहिलं असेल तर संस्था काळाची हमी देते आहे. नुसतं ‘छियानलोंगची मोहर’ असेल तर ती फक्त काय लिहिलंय ते सांगते आहे. ‘छियानलोंग शैलीत’ म्हणजे नक्कल. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांची अस्सलपणाची हमी साधारण पाच वर्षांची असते आणि ती शीर्षकापुरतीच, खालच्या रसाळ वर्णनाला नाही. चीनच्या मुख्य भूमीवरच्या लिलावात तर कायदाच संस्थेला ‘अस्सलपणाची हमी नाही’ असं आधी जाहीर करून मोकळं होऊ देतो. स्थितीचा अहवाल लेखी मागा, आणि त्यात न लिहिलेलं काही नाहीच असं समजू नका.

पैशांचा हिशेब बोली लावण्याआधी कागदावर करा. समजा लंडनला हातोडा, म्हणजे शेवटची बोली, 1,00,000 पौंडांवर पडला आणि खरेदीदाराचं कमिशन 26 टक्के आहे. ते 26,000. त्यावर 20 टक्के व्हॅट 5,200. वस्तू विक्रीसाठी तात्पुरती आयात झालेली असेल तर हातोड्याच्या रकमेवर 5 टक्के, आणखी 5,000. झाले 1,36,200, विमा आणि पॅकिंग वेगळं. निर्यातीची कागदपत्रं मुदतीत दिली तर करातला काही भाग परत मिळतो. हाँगकाँगला असा विक्रीकर नाही, हे तिथला बाजार मोठा होण्याचं एक कारण. महागड्या चिनी वस्तूंसाठी आता आधी अनामत भरावी लागते, त्यामागे जुने चटके आहेत. नोव्हेंबर 2010 मध्ये लंडनजवळच्या बेनब्रिजेस या छोट्या लिलावगृहात छियानलोंगची जाळीदार फुलदाणी 4.3 कोटी पौंडांना तुटली आणि घेणाऱ्याने पैसेच दिले नाहीत. दोनेक वर्षांनी ती खासगीत विकली गेली, ती सुमारे निम्म्या किमतीला, अशा बातम्या आल्या. म्हणून वर्तमानपत्रातला आकडा आणि बाजारभाव एकच धरू नये.

चढे आकडे गुंतवणूक म्हणूनही दिसतात तेवढे गोड नाहीत. अबाबील पक्ष्यांचं चित्र असलेली छियानलोंगची फालांगसाय वाटी 2006 मध्ये 15.13 कोटी हाँगकाँग डॉलरला घेतली गेली आणि 2023 मध्ये 19.8 कोटींना विकली गेली. सतरा वर्षांत वर्षाला दोन टक्केही नाहीत, आणि दुसऱ्या आकड्यात कमिशन धरलेलं आहे, ते विकणाऱ्याच्या हाती येत नाही. छेंगह्वाचा कोंबड्यांचा पेला, जेमतेम 8 सेंटिमीटर रुंद, 2014 मध्ये 28.1 कोटींना गेला तो त्याच्या दुर्मिळतेमुळे आणि मालकांच्या अखंड साखळीमुळे.

ही साखळी म्हणजे मालकीचा माग, आणि आज भाव तिच्यावर चढतो. जुनं विक्रीचं बिल, 1970 आधीचा कॅटलॉग, तळावरचं जुन्या दुकानाचं लेबल. लेबल एका भांड्यावरून काढून दुसऱ्यावर चिकटवतात, म्हणून जुन्या कॅटलॉगमधल्या फोटोत झिलईतला एखादा ठिपका किंवा खळगी जुळते का ते बघायचं. फ्रान्समध्ये 2022 साली 1,500 ते 2,000 युरो अंदाज लावलेली एक निळी-पांढरी फुलदाणी हातोड्याखाली 77 लाख युरोंना गेली. लिलावाच्या तज्ज्ञाच्या मते ती विसाव्या शतकातली होती. बोली लावणाऱ्यांना वाटलं ती अठराव्यातली. दोन जणांनी हात वर केला म्हणजे भांडं जुनं ठरत नाही, हे माझं मत आजही तेच आहे.

डोळा तयार करायला मात्र लंडनपर्यंत जायची गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेलं चिनी पोर्सेलीन आहे. काचेआडून का होईना, पण झिलईचा पोत आणि निळ्याच्या छटा डोळ्यांत बसतात. लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियमची 95 नंबरची खोली. तिथला जवळपास 1,700 भांड्यांचा संग्रह जमवणारे सर पर्सिव्हल डेव्हिड हे 1892 साली मुंबईत जन्मलेले.

तुमच्या फुलदाणीबद्दल कुणाला विचारायचं असेल तर ‘किती येतील’ असा एक फोटो पाठवू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता: चारही बाजू, वरून आत, काठ जवळून, पालथी घालून पूर्ण तळ, तळाची कड तिरप्या उजेडात, मोहर सरळ समोरून, आणि जिथे टवका किंवा तडा वाटतो ती जागा. उंची, काठाचा आणि तळाचा व्यास मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. घरात ती कुणाकडून कधी आली हे जेवढं कागदावर आहे तेवढंच लिहा. आणि त्याआधी तिला धुवायला घेऊ नका, विशेषतः सोनेरी रेघा असतील तर. भांडी घासायच्या द्रावणाने आणि कपड्याने ती सोनेरी दुपारभरात निघून जाते, आणि मग ती परत चढवली तर तीही दुरुस्तीच धरली जाते.